क्लेमच्या रकान्यात खरं तेच लिहा: गाडीचा विमा नव्याने घेणाऱ्यांसाठी

मी नाशिकमधल्या एका वर्कशॉपच्या इन्शुरन्स डेस्कवर बसते. अपघात झालेली गाडी टोईंगवरून उतरते आणि तिच्यामागून कागदांची पिशवी घेऊन माणूस माझ्यासमोर येतो. बहुतेकांनी आपली पॉलिसी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलेली असते.

मागच्या पावसाळ्यात निफाडकडचे एक शिक्षक आले. मोरीच्या कठड्यावर गाडी आदळली होती. रेडिएटर, बॉनेट, डावं सस्पेन्शन सगळं गेलं होतं, एस्टिमेट झालं १,३८,००० रुपयांचं. पॉलिसी चालू, लायसन्स ठीक. मी क्लेम टाकला आणि आठवड्याभराने कंपनीचं पत्र आलं: एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) चुकीचा जाहीर केल्यामुळे ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, लाभ देता येत नाही.

झालं होतं असं. आदल्या वर्षी त्यांनी दाराचं डेंटिंग-पेंटिंग विम्यातून करून घेतलं होतं, ९,२०० रुपयांचं. नंतर रिन्युअलच्या वेळी स्वस्त मिळते म्हणून फोनवरून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली. फोनवरच्या माणसाने विचारलं, "सर, क्लेम काही नाही ना?" सर म्हणाले, "मोठा नाही." त्याने फॉर्मवर 'नाही'वर टिक केलं आणि जुन्या पॉलिसीवरचा २५ टक्के एनसीबी वाढवून ३५ टक्के लावला. सरांचा ओन डॅमेजचा प्रीमियम ६,४०० रुपये होता. ३५ टक्क्यांचे २,२४० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून वाचले २,६४३ रुपये. शेवटी दुरुस्तीचे पैसे त्यांनी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून भरले.

त्यांनी ठरवून फसवलं नव्हतं. अशी माणसं मी दर पावसाळ्यात पाहते, म्हणून पहिल्यांदा विमा घेणाऱ्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी: आपण नक्की काय विकत घेतो

गाडीच्या पॉलिसीत मुख्य दोन भाग असतात. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा भाग १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्याच गाडीचं नुकसान आणि चोरी. याशिवाय गाडीच्या मालकाला स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा घ्यावा लागतो. तो आधीच दुसरीकडे असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. शोरूममधून गाडी घेतलेल्या अनेकांना म्हणून वाटतं की विमा तीन वर्षांचा झाला, आता बघायला नको. तुमचा ओन डॅमेज बहुतेक एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो संपतो, आणि तो वेगळ्या कंपनीकडूनही घेता येतो.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखा. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ असे आहेत. "थर्ड पार्टीत सूट देतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच सावध व्हा. कंपन्यांची तुलना करायची ती ओन डॅमेजच्या आकड्यावर.

मग: जुने कागद बाहेर काढा

कोटेशन मागवायच्या आधी तीन कागद हाताशी हवेत: आरसी, संपत आलेली पॉलिसी आणि गेल्या वर्षभरातली वर्कशॉपची बिलं. बिलांकडे नीट बघा. एकूण रक्कम आणि तुम्ही भरलेली रक्कम यात मोठा फरक असेल, तर मधले पैसे विमा कंपनीने भरलेत. म्हणजे तो क्लेम झाला.

हे सांगावं लागतं, कारण लोकांना आपला क्लेम झाला हेच ठाऊक नसतं. "मॅडम, माझ्या हातात कुठे पैसे आले?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. कॅशलेसमध्ये पैसे कंपनीकडून थेट आमच्याकडे येतात, तुमच्या हातात येतच नाहीत. नवीन गाडीच्या पहिल्या वर्षात तर सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचा ओरखडा पाहून कोणीतरी "झीरो डेप आहे, फुकटात करून देतो" म्हणतो (झीरो डेप म्हणजे घसारा न कापता सुट्या भागांची पूर्ण किंमत देणारं जादा कव्हर). तुम्ही एका फॉर्मवर सही करता आणि विसरता. गाडी मुलगा चालवतो, क्लेम त्याने घेतला, पॉलिसी वडिलांच्या नावावर, आणि रिन्युअल करताना वडिलांना काहीच माहीत नसतं, असंही होतं. घरात गाडी कोणकोण चालवतं, त्या सगळ्यांना विचारा.

तरीही खात्री नसेल तर जुन्या कंपनीला ईमेल करा: 'या पॉलिसीवर किती क्लेम नोंदले गेले आणि मला किती एनसीबी लागू आहे, ते लेखी कळवा.' पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी हे केलं तर उत्तर वेळेत हाती येतं. कंपनी बदलणार असाल तर हे पत्र घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका, असं माझं ठाम मत आहे.

कंपनी निवडताना

लोक मला विचारतात, सगळ्यात चांगली कंपनी कुठली? मी उलट विचारते, तुमची गाडी खराब झाली तर ती कुठे दुरुस्त होणार? ज्या वर्कशॉपवर तुमचा भरवसा आहे, तिथे ती कंपनी कॅशलेस देते का, हे आधी पाहा. वेबसाइटवरच्या यादीवर विसंबू नका, वर्कशॉपला फोन करा. यादीत नाव असतं आणि करार संपलेला असतो, असं मी पाहिलंय. फोनवर आणखी एक विचारा: "या कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान पाहायला येणारा माणूस) किती दिवसांत येतो, आणि सप्लिमेंटरीला मंजुरी किती वेळात मिळते?" गाडी उघडल्यावर आत आणखी मोडतोड सापडते, तिची वाढीव मंजुरी म्हणजे सप्लिमेंटरी. गाडी महिनाभर अडकते ती बहुतेक इथेच. बॉडी शॉपच्या सुपरवायझरला कुठली कंपनी कशी वागते हे पाठ असतं आणि विचारलं तर तो सांगतोही.

तुम्ही सिन्नर-पेठ-सुरगाण्याकडे फिरत असाल तर शहरातल्या वर्कशॉपांची लांबलचक यादी फारशी कामाची नाही. रात्री घाटात गाडी बंद पडली तर टोईंग कुठून आणि किती किलोमीटरपर्यंत मिळेल, ते महत्त्वाचं.

जाहिरातीतल्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. 'इन्कर्ड क्लेम रेशो' म्हणजे जमा प्रीमियमच्या तुलनेत क्लेमवर झालेला खर्च. शंभरातले किती क्लेम मंजूर झाले, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर दर तिमाहीला आकडे जाहीर करावे लागतात, त्यात तक्रारींचाही तक्ता असतो. मी असते तर तो तक्ता आधी उघडला असता.

दोन कोटेशनांत मोठा फरक दिसला की आधी आयडीव्ही बघा, म्हणजे पॉलिसीने धरलेली गाडीची किंमत. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सध्याच्या किमतीवरून आणि गाडीच्या वयावरून काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३०, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. आठ लाखांच्या मॉडेलची अडीच वर्षांची गाडी असेल तर आयडीव्ही ५,६०,००० च्या आसपास हवी. ती ४,८०,००० धरून कोणी प्रीमियम कमी दाखवला असेल, तर गाडी चोरीला गेली की तेवढेच हातात येतील. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तेव्हाही हाच आकडा चालतो.

गाडी कुठल्या आरटीओत नोंदली आहे, यावरही दर बदलतो. मुंबई-पुण्याची नोंदणी झोन ए मध्ये येते, नाशिकची झोन बी मध्ये. एमएच १५ ची गाडी पुण्यात चालवत असाल तरी झोन नोंदणीवरूनच धरतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या प्रीमियमशी तुमचा जुळला नाही तर घाबरू नका.

अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायच्या वाढीव कव्हरमध्ये, मी दोनच गोष्टींवर जोर देते. झीरो डेप नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या सुट्या भागांची निम्मीच किंमत मिळते. आजकालच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग प्लॅस्टिकचा असतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. आणि जिथे पाणी तुंबतं तिथे इंजिन प्रोटेक्शन. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी आत ओढलं जाऊन इंजिन बसतं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान कंपनी देत नाही.

फॉर्म भरताना

हा भाग सावकाश वाचा.

एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. मध्ये एक जरी क्लेम झाला की पुढच्या रिन्युअलला शून्य, आणि पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. क्लेम ९०० रुपयांचा असो की ९०,००० चा, शून्य ते शून्यच. 'छोटा क्लेम' असा रकाना फॉर्मवर नसतो, सर तिथेच अडकले.

ऑनलाइन फॉर्मवर दोन प्रश्न लागोपाठ येतात: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला का, आणि मागच्या पॉलिसीवर एनसीबी किती होता. दुसऱ्याचं उत्तर जुन्या पॉलिसीवर छापलेला आकडा. कंपनी त्यावरून पुढची पायरी स्वतः काढते, तुम्ही वाढवून टाकू नका. आणि पहिल्याचं उत्तर 'होय' असेल तर नवा एनसीबी शून्य दिसायला हवा. 'होय' टाकूनही टक्के दिसत असतील, तर काही चुकलंय.

'होय' कधी? काच बदलून घेतली, होय. कॅशलेस, होय. दुसऱ्याच्या चुकीने धडक बसली पण दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून झाली, होय. क्लेम नोंदवलाय, पैसे अजून आले नाहीत, तरी होय. प्रलंबित क्लेमही नियमात धरला जातो. नोंदवून मागे घेतला असेल तर जुन्या कंपनीकडून 'पैसे दिले नाहीत, क्लेम बंद' असं लेखी घ्या आणि नव्या कंपनीला ते पत्रच द्या. ठरवायचं काम त्यांच्यावर सोडा. एनसीबी प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन असेल तर एखाद्या क्लेमनंतरही टक्के टिकू शकतात, पण म्हणून क्लेमच्या प्रश्नाला 'नाही' म्हणायचं नाही. क्लेम 'होय', अ‍ॅड-ऑन 'होय', दोन्ही सांगायचं.

तुम्ही ज्याला टिक करता त्या बारीक अक्षरांत एक जाहीरनामा असतो: सांगितलेला एनसीबी बरोबर आहे, संपणाऱ्या पॉलिसीत क्लेम झालेला नाही, आणि हे खोटं निघालं तर पॉलिसीच्या पहिल्या भागातले सगळे लाभ जप्त होतील. पॉलिसीच्या कागदावर पहिला भाग म्हणजे ओन डॅमेज. एजंटने फॉर्म भरला, मुलाने भरला, फोनवरच्या माणसाने भरला, तरी जाहीरनामा तुमच्या नावाचा असतो. म्हणून एजंटवर कितीही विश्वास असला तरी तो दोन प्रश्नांची उत्तरं काय टाकतोय, ते स्क्रीनवर बघा. "काका, क्लेमचं टाकू नका हो, तीन हजार वाढतील" म्हणणारा तुमचं भलं करत नाहीये. क्लेमच्या दिवशी तो समोर नसतो, मी असते, आणि माझ्या हातात त्या वेळी काही नसतं.

मोटार टॅरिफच्या, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमपुस्तिकेच्या, नियमाप्रमाणे नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून एनसीबीची खातरजमा करायची असते. कंपनीने ती केली नव्हती म्हणून ग्राहक आयोगाने काही प्रकरणांत ग्राहकाला अंशतः रक्कम मिळवून दिली आहे. पण त्या भरवशावर राहू नका. पूर्ण रक्कम हक्काने मागायची असेल तर फॉर्म खरा हवा.

त्याच फॉर्मवर आणखी एकदोन गोष्टी लपतात. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवं. त्याचा प्रीमियम किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये, एवढाच वाढतो. आणि खासगी गाडी भाड्याने फिरवत असाल तर खासगी पॉलिसी त्या कामाची नाही.

चूक झाली असेल तर

हे वाचताना कोणाला आठवेल की आपणही 'नाही'वर टिक केलं होतं. आजच दुरुस्त करा. कंपनीला लिहा की मागच्या वर्षात क्लेम झाला होता, एनसीबी चुकून लागला, फरक भरून घ्या. ते फरकाची रक्कम घेतात आणि एन्डॉर्समेंट देतात, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणारा कागद. याला त्यांच्या भाषेत एनसीबी रिकव्हरी म्हणतात. पैसे भरून एन्डॉर्समेंटची पीडीएफ हाती आल्याशिवाय काम झालं असं धरू नका. सरांना हे अपघाताच्या आदल्या महिन्यात कोणी सांगितलं असतं, तर २,६४३ रुपयांत भागलं असतं. अपघातानंतर ही दुरुस्ती करून काही उपयोग नसतो.

क्लेम घ्यायचा की खिशातून भरायचं

एक बिल समोर ठेवते. बंपर ४,०००, रंगकाम २,०००, मजुरी १,०००, एकूण ७,००० (कर सोडून). झीरो डेप नाही. बंपरचे निम्मे, २,००० कापले. रंगकामाच्या बिलात एक चतुर्थांश मटेरियल धरून त्याचे निम्मे, २५० कापले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममध्ये मालकाने सोसायचे सक्तीचे १,००० कापले. हातात ३,७५०. आता समजा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम ८,००० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार होते. ते गेले: ३,६००, आणि त्यावरचा जीएसटी धरला तर ४,२४८. त्याच्या पुढच्या वर्षी ५० च्या जागी २० टक्के, म्हणजे आणखी २,४०० चा फरक. असा क्लेम मी लोकांना घेऊ देत नाही. वर्कशॉपमध्ये बसून ग्राहकाला रोख भरायला सांगते म्हणून कधी कधी बोलणी खाते, पण हिशेब हिशेब आहे. बिल तीस-चाळीस हजारांवर गेलं की मात्र नि:शंक क्लेम घ्या, त्यासाठीच प्रीमियम भरलाय.

गाडी विकताना, घेताना

एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की जुन्या कंपनीकडून एनसीबी रिटेन्शनचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीला लावता येतं. परदेशात नोकरी करून परतलेल्यांनाही तिथल्या विम्याचा क्लेमविना काळ दाखवून ही सूट मागता येते, मात्र तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत.

जुनी गाडी घेणाऱ्याने आधीच्या मालकाचा एनसीबी वापरायचा नाही. आरसी नावावर झाली की १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, ओन डॅमेज येत नाही. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही तर जमवलेला सगळा एनसीबी जातो. त्याआधीही, एक दिवस जरी खंड पडला तरी बहुतेक कंपन्या गाडीची तपासणी केल्याशिवाय ओन डॅमेज देत नाहीत.

अडवणूक झालीच तर

फॉर्म खरा असूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद तिथे चालतो. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.

जाताना नकाराचं पत्र, पॉलिसी, एस्टिमेट आणि तुम्ही भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत न्या. हा शेवटचा कागद बहुतेकांकडे नसतो. पॉलिसीच्या ईमेलसोबत तो जोडलेला असतो, नसेल तर मागून घ्या. आला की त्याच संध्याकाळी उघडून तीन ओळी तपासा: मागच्या वर्षीचे क्लेम, एनसीबीचे टक्के, आयडीव्ही. काही चुकलं असेल तर त्याच ईमेलला उत्तर देऊन कळवा.